हार्ड डिस्कच्या वेगाचे आकडे : दुकानदाराने कोणती ओळ वाचावी?

शहादा तालुक्यातील म्हसावद येथील एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी आमच्याकडे दोन चित्रे पाठविली आहेत. पहिले त्यांच्या दुकानातील जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कची वेगचाचणी घेतल्यावर पडद्यावर उमटलेल्या आकड्यांचे. दुसरे शहरातील एका विक्रेत्याने दाखविलेल्या नव्या संगणकाचे. पहिल्या चित्रात सर्वांत वरचा आकडा ११८ आहे, दुसऱ्यात ३४८०. विक्रेत्याचे म्हणणे असे की नवे यंत्र जवळजवळ तीसपट वेगवान आहे आणि पुरावा समोरच आहे. लग्नसराई तोंडावर आलेली, जुने यंत्र सकाळी कामास लागावयास पाच-सहा मिनिटे घेते, गिऱ्हाईक बाकावर ताटकळते. तेव्हा हप्त्यावर का होईना पण नवे यंत्र घ्यावे काय, असा त्यांचा सवाल आहे.

हा सवाल एकट्या म्हसावदच्या बांधवांचा नाही. लग्नपत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले, झेरॉक्स व ऑनलाइन अर्जांचे केंद्र चालविणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे भुसार व किराणा व्यापारी, अशा सर्वांच्या धंद्यात आता संगणक हे तराजूसारखेच रोजचे साधन झाले आहे. तराजूचा काटा आपण सारे जण वाचू शकतो. डिस्कच्या वेगाचा काटा मात्र विकणाराच वाचून दाखवितो आणि घेणारा मान डोलावतो. हे आकडे वाचणे फारसे अवघड नाही. पाढे येणाऱ्या माणसाला ते सहज जमते.

चार ओळी, दोन रकाने

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही चाचणी क्रिस्टलडिस्कमार्क नावाच्या मोफत प्रोग्रामवर घेतली जाते. तो जपानमध्ये तयार झाला आहे. चाचणी संपली की पडद्यावर एकाखाली एक चार ओळी दिसतात. प्रत्येक ओळीला दोन रकाने असतात; डावीकडचा वाचण्याचा वेग, उजवीकडचा लिहिण्याचा. आकडे सेकंदाला इतके एम. बी. या मापात असतात.

वरच्या दोन ओळी सलग वाचनाच्या आहेत. म्हणजे एकच मोठी फाईल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका दमात वाचली तर किती वेग मिळतो, ते येथे कळते. खालच्या दोन ओळी फुटकळ वाचनाच्या. येथे चार-चार के. बी. चे लहान तुकडे डिस्कच्या निरनिराळ्या जागांवरून उचलले जातात.

कापड दुकानदाराला हा फरक चटकन ध्यानात येईल. फळीवरून कापडाचा एक तागा काढावयाचा आणि तो सरसर उलगडीत जावयाचा, हे झाले सलग काम. तेच गिऱ्हाइकाने निरनिराळ्या रंगांची चाळीस बटणे मागितली आणि ती चाळीस खणांत ठेवलेली असली, तर मालाचे वजन छटाकभरही नसते पण पोऱ्याची दमछाक होते. वेळ माल मोजण्यात जात नाही, खण शोधण्यात जातो.

ओळींच्या नावात ‘क्यू’ हे अक्षर व पुढे एक आकडा असतो. क्यू म्हणजे रांग. ‘क्यू ३२’ म्हणजे पोऱ्याच्या हातात बत्तीस चिठ्ठ्या एकदम दिल्या. तो हुशार असेल तर चिठ्ठ्यांचा क्रम लावून एकाच फेरीत चार-पाच खण उरकतो. ‘क्यू १’ म्हणजे एक चिठ्ठी द्यावयाची, वस्तू आली की मगच दुसरी द्यावयाची. पुढचे ‘टी’ हे अक्षर एका वेळी किती पोरे कामाला लावली ते सांगते. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर हजार माणसे एकदम काम करतात, तेथे रांग लांब असते. एका गल्ल्यावरच्या एका संगणकात रांग बहुतेक वेळ एक-दोन चिठ्ठ्यांचीच असते. म्हणून आमच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची ओळ ती सर्वांत खालची : चार के. बी., क्यू १, टी १. विक्रेता बोट ठेवतो ते सर्वांत वरच्या ओळीवर.

म्हसावदच्या त्या दोन चित्रांत खालच्या ओळीचा वाचनाचा आकडा अनुक्रमे ०.५ आणि ५६ असा आहे.

त्रैराशिक मांडून पाहू

समजा, संगणक सुरू होऊन विंडोज, मराठी टंकांचा प्रोग्राम, फोटोशॉप आणि विषाणुरोधक प्रोग्राम असे सारे उभे राहावयास तीस हजार लहान तुकडे वाचावे लागतात. हा आकडा आम्ही केवळ हिशेबापुरता धरला आहे. जुन्या डिस्कचा वेग सेकंदाला अर्धा एम. बी., म्हणजे चार के. बी. चे सुमारे १२२ तुकडे. तीस हजारांना १२२ ने भागले की २४६ सेकंद येतात. चार मिनिटांहून थोडे अधिक.

आता नव्या यंत्रात जी डिस्क आहे ती एनव्हीएमई जातीची एसएसडी. तिचा खालच्या ओळीचा वेग ५६, म्हणजे सेकंदाला साडेतेरा हजारांहून अधिक तुकडे. वेळ लागेल सव्वादोन सेकंदांच्या आत-बाहेर.

येथपर्यंत विक्रेत्याचेच खरे ठरते, किंबहुना त्याने सांगितले त्याहून फरक मोठा आहे. पण मधला एक रस्ता त्याने सांगितलेला नाही. जुन्या संगणकातील डिस्क ज्या तारेने जोडलेली आहे, त्याच साटा तारेला जोडता येणारी साधी एसएसडीही मिळते. अशा साध्या एसएसडीचा सर्वांत वरच्या ओळीचा आकडा साडेपाचशेच्या आसपास असतो. ३४८० च्या शेजारी तो अगदीच गरीब दिसतो. पण तिच्या खालच्या ओळीचा आकडा साधारण २५ ते ४० च्या दरम्यान येतो. २८ धरला तरी सेकंदाला ६,८०० तुकडे होतात आणि वर सांगितलेले तीस हजार तुकडे साडेचार सेकंदांत वाचून होतात.

म्हणजे जुन्या डिस्कवरून साध्या एसएसडीवर आल्यास चार मिनिटे वाचतात. साध्या एसएसडीवरून महागड्या एसएसडीवर गेल्यास वाचतात दोन सेकंद. पडद्यावरील वरच्या आकड्यांत मात्र नेमके उलटे चित्र दिसते : ११८ वरून ५५० ही लहान उडी आणि ५५० वरून ३४८० ही मोठी. वरची ओळ पाहून खरेदी करणारा मनुष्य दोन सेकंदांसाठी पैसे मोजतो.

प्रत्यक्षात डिस्क एवढी एकच गोष्ट संगणक उघडावयास वेळ घेत नाही. प्रोसेसरलाही काम असते, त्यामुळे साडेचार सेकंदांत कोणाचाही संगणक सुरू होणार नाही. पण गुणोत्तराची दिशा हीच राहते.

जुनी डिस्क खालच्या ओळीत इतकी मागे का?

हार्ड डिस्कमध्ये थाळ्या फिरतात आणि त्यांच्यावर एक दांडी आत-बाहेर सरकते. नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला तुकडा दांडीखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, ते झाले ४.२ मिलिसेकंद. त्याआधी दांडी योग्य रेघेवर न्यावयास आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण तेरा धरा. एका सेकंदात अशी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर कामे होतात, जास्त नाहीत. लॅपटॉपच्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर याहूनही कमी.

चाणाक्ष वाचक विचारील, की मग चाचणीत १२२ तुकडे कसे आले? चाचणीची फाईल सहसा एकाच जी. बी. ची असते. ती थाळीच्या एका पट्ट्यात मावते आणि दांडीला लांब धावावे लागत नाही. दुकानातील डिस्कवर पाच वर्षांचा माल सर्वत्र विखुरलेला असतो. म्हणून तीच तीस हजार तुकड्यांची फेरी प्रत्यक्षात साडेसहा मिनिटांपर्यंत जाते. चाचणीचा आकडा हा अनुकूल परिस्थितीतला आकडा असतो, हे नेहमी लक्षात ठेवावे.

जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क आय. बी. एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली, ती ‘३०५ रॅमॅक’ या यंत्राबरोबर. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास थाळ्या होत्या आणि सर्व मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. एखादी जागा शोधावयास तिला सरासरी सहाशे मिलिसेकंद लागत आणि सलग वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे ८,८०० अक्षरे होता. आजची साधी हार्ड डिस्क सेकंदाला वीस कोटी अक्षरांपर्यंत वाचते. सलग वेग वीस हजार पटींहून अधिक वाढला. जागा शोधण्याचा वेळ मात्र सहाशेवरून तेरावर आला, म्हणजे पन्नासपटही सुधारला नाही. थाळीवर अक्षरे दाटीने लिहिता आली म्हणून सलग वेग वाढत गेला. दांडी ही शेवटी धातूची वस्तू, तिला सरकावयास वेळ हा लागणारच. एसएसडीमध्ये दांडी नाही आणि थाळीही नाही. तोशिबा कंपनीत १९८७ साली मांडल्या गेलेल्या नँड फ्लॅश या चिपवर सारा माल असतो. म्हणून तिचा खरा फायदा खालच्या ओळीत आहे. वरची ओळ ही तिची जाहिरात.

वरची ओळ कोणाच्या कामाची?

वरची ओळ अगदीच टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणत नाही. फ्लेक्सवाल्यांची एकेक फाईल एक जी. बी. पर्यंत जाते. अशी फाईल ११८ च्या वेगाने उघडावयास साडेआठ सेकंद लागतील, ५५० ने दोन सेकंद. दिवसात पन्नास फायली उघडल्या तर पाच मिनिटे वाचली. लग्नाची व्हिडिओ फिल्म जोडणाऱ्यांनाही या ओळीचा उपयोग आहे. मात्र फिल्म अखेर तयार होण्यास जे तास लागतात ते प्रोसेसर व ग्राफिक कार्डचे असतात, डिस्कचे नव्हेत. नवी डिस्क बसविली तरी तो वेळ तेवढाच राहील.

आता स्टुडिओवाल्यांच्या रोजच्या कामाकडे येऊ. लग्नात दोन हजार फोटो काढले, प्रत्येक फोटो आठ एम. बी. चा, म्हणजे सोळा जी. बी. चा माल कार्डवर आहे. तो संगणकात उतरवून घ्यावयाचा. जुना कार्ड रीडर यूएसबी २.० चा असतो. त्या तारेचा छापील वेग ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एम. बी. च मिळतात. ३२ धरले तर सोळा जी. बी. ला आठ मिनिटे वीस सेकंद. पुढे डिस्क ११८ ची असो वा ३४८० ची, ही आठ मिनिटे हलणार नाहीत. विहिरीवर मोट जेवढे पाणी काढते तेवढेच पाटात येते. पाट रुंद करून पाणी वाढत नाही. येथे यूएसबी ३.० चा कार्ड रीडर घ्यावा आणि तो संगणकाच्या त्याच जातीच्या भोकात लावावा. या भोकाच्या आतील जीभ बहुधा निळी असते. कार्डही चांगले असले व ९० चा वेग देत असले, तर तेच काम तीन मिनिटांत होते. तेही जुन्या डिस्कवर!

काही कारागीर बांधवांनी एम्ब्रॉयडरी मशीनसाठी किंवा लाकडी दारांवर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी यंत्रासाठी संगणक ठेवलेला असतो. त्यांच्या नक्षीच्या फायली सामान्यतः फार लहान असतात. अशा कामासाठी वेगवान डिस्कवर जास्त खर्च करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. टॅलीवाल्यांचे काम पुष्कळ अंशी फुटकळ वाचनाचे, म्हणून त्यांना साध्या एसएसडीने फरक जाणवतो. ऑनलाइन अर्जांच्या केंद्रांनी मात्र आधी पाहावे की थांबणे डिस्कमुळे आहे की सरकारी संकेतस्थळ व इंटरनेट यांच्यामुळे. सेकंदाला ४० मेगाबिटचे इंटरनेट म्हणजे पाच एम. बी. च होतात. आठ बिटांचा एक बाइट, हा भागाकार विसरू नये.

आणखी एक खबरदारी. संगणकात मेमरी, म्हणजे रॅम, कमी असेल तर विंडोज डिस्कलाच मेमरीसारखे वापरू लागते आणि डिस्कचा दिवा सतत जळत राहतो. चार जी. बी. रॅमवर फोटोशॉप आणि दहा पाने उघडलेला ब्राउझर एकदम चालविणाऱ्यांनी डिस्कबरोबर रॅमचाही विचार करावा.

कच्चा शेर, पक्का शेर

नवी ५०० जी. बी. ची डिस्क लावली आणि संगणकाने ४६५ दाखविले, तर विक्रेत्याशी भांडू नये. जुन्या काळी बाजारात कच्चा शेर व पक्का शेर अशी दोन मापे होती, त्यातलाच हा प्रकार. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत. माल तेवढाच, माप वेगळे. १ टी. बी. ची डिस्क याच कारणाने ९३१ दिसते.

आकडा संशयास्पद केव्हा समजावा?

साटा तारेचा छापील वेग सहा गिगाबिट आहे. तिच्यात दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठविले जातात, म्हणून जास्तीत जास्त ६०० एम. बी. जातात. साटा डिस्कच्या चाचणीत कोणी तीन-चार हजारांचा आकडा दाखविला, तर तो डिस्कचा नाहीच. संगणकाच्या मेमरीत माल आधीच आणून ठेवणारा एखादा प्रोग्राम चालू आहे आणि मोजला जात आहे तो मेमरीचा वेग. उलट नवी एसएसडी जुन्या संगणकात २७० च्या आसपासच अडकली, तर ती नकली आहे असेही नाही. त्या संगणकाची साटा जुन्या, तीन गिगाबिटच्या जातीची असते व तिची मर्यादा ३०० आहे. अशा ठिकाणी खालची ओळ पाहावी. तिच्यात या मर्यादेमुळे फार घट होत नाही.

लिहिण्याचा आकडा वाढविण्याची एक वाईट युक्ती आहे, तिच्याविषयी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील दुकानदारांनी विशेष सावध राहावे. विंडोजमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत दोन चौकटी असतात. पहिली, लिहावयाचा माल थोडा वेळ डिस्कच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवण्याची परवानगी देते. ती नेहमीची आहे. दुसरी चौकट विंडोजला सांगते की साठ्यातला माल खरोखर डिस्कवर उतरला की नाही, याची खात्री करून घेऊ नकोस. तिच्यावर खूण केली की लिहिण्याचे आकडे चांगले दिसू शकतात. पण त्याच क्षणी वीज गेली तर जे लिहिले असे वाटले ते कोठेच नसते, आणि टॅलीची फाईल किंवा अख्खे फोल्डर बिघडू शकते. जेथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही तेथे ही दुसरी चौकट रिकामीच असावी. मेकॅनिकने यंत्र दुरुस्त करून दिल्यावर एकदा ती उघडून पाहावी.

चाचणीच्या लहान फाईलमुळेही फसगत होते. स्वस्त एसएसडीमध्ये चिपचा थोडा भाग वेगवान साठा म्हणून वापरतात. लिहिलेला माल आधी त्या साठ्यात पडतो व मागाहून सावकाश आत भरला जातो. चाचणी एक जी. बी. ची, ती साठ्यातच संपते, आकडा ५०० दिसतो. सॅमसंग कंपनीने आपल्या ८६० क्यूव्हीओ या १ टी. बी. च्या एसएसडीबाबत स्वतःच्या पत्रकात स्पष्ट दिले होते की सुमारे ४२ जी. बी. चा साठा भरल्यानंतर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एम. बी. होतो. म्हणजे म्हसावदच्या त्या जुन्या हार्ड डिस्कहूनही कमी! कंपनीने हे छापले, ही चांगली गोष्ट. अनेक स्वस्त मालावर काहीच छापलेले नसते. स्टुडिओवाल्यांनी चाचणीची फाईल एक जी. बी. ऐवजी प्रोग्राममध्येच मोठी करून पाहावी. त्याहून बरे म्हणजे खऱ्या लग्नाच्या साठ-सत्तर जी. बी. च्या फायली एका वेगवान डिस्कवरून तिच्यावर उतरवून घड्याळ लावावे. सुरुवातीचा वेग आणि शेवटचा वेग यांत किती अंतर पडते, ते डोळ्यांसमोर दिसेल.

हार्ड डिस्कमध्येही असा प्रकार आहे. काही डिस्कमध्ये रेघा कौलांसारख्या एकावर एक चढवून लिहितात, त्यामुळे कमी थाळीत जास्त माल मावतो. पण छपरातले खालचे एक कौल बदलावयाचे तर वरची कौले उचलावी लागतात. तशीच येथे जुन्या मालावर नवा माल लिहिताना डिस्क अडखळते. लहान चाचणीत हे दिसत नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ मालिकेतील काही डिस्कमध्ये ग्राहकांना न सांगता ही पद्धत वापरल्याचे उघड झाले, गाजावाजा झाला आणि मग कंपनीने अशा मॉडेलांची यादी प्रसिद्ध केली. वर्षातून एकदा अल्बम भरून कपाटात ठेवावयाच्या डिस्कला ही पद्धत चालते. रोज लिहावयाच्या, पुसावयाच्या डिस्कला चालत नाही.

उतरत्या रेघेचे भय नको

एचडी ट्यून नावाचा दुसरा एक प्रोग्राम आकड्यांऐवजी रेघ काढून दाखवितो. त्याची मोफत आवृत्ती फक्त वाचते, लिहीत नाही. रेघ डावीकडे उंच सुरू होते आणि उजवीकडे उतरत जवळजवळ निम्म्यावर येते. हे पाहून डिस्क बिघडली असे पुष्कळांना वाटते, पण हार्ड डिस्कची रेघ अशीच असावयास हवी. बैलगाडीच्या चाकाचा एक फेरा झाला की बाहेरची धाव बरेच अंतर कापते आणि आतला तुंबा थोडेसेच फिरतो. तसेच थाळीच्या बाहेरच्या रेघेवर एका फेऱ्यात जास्त माल वाचून होतो, आतल्या रेघेवर कमी. यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते : डिस्क भरत जाते तसा नंतरचा माल आतल्या, मंद भागाकडे जातो.

रेघेत मधेच खोल खड्डे पडत असतील तर विचार करावा. प्रथम इतर सर्व प्रोग्राम बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. खड्डे जागा बदलत असतील तर दुसरे एखादे काम आड येत होते. दर वेळी त्याच जागी पडत असतील तर तेथील थाळी खराब होत असल्याची शंका घ्यावी. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीस-पस्तीसवर सपाट असेल, तर डिस्क बाहेरून यूएसबी २.० ने जोडलेली आहे, एवढाच अर्थ.

येथे एक सूचना ठळकपणे करतो. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा फायली उघडताना चुका दाखवीत असेल, तर वेगचाचणी मुळीच घेऊ नये. चाचणीत डिस्कला सर्वाधिक धावावे लागते, आणि आजारी डिस्क त्यातच मरू शकते. आधी गिऱ्हाइकांचे फोटो व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. एखाद्या घरच्या लग्नाचे फोटो गेले तर ते कोणत्याही किमतीला परत येत नाहीत आणि दुकानाचे नाव जाते ते वेगळेच.

डिस्कची तब्येत पाहावयास क्रिस्टलडिस्कइन्फो हा त्याच कर्त्याचा प्रोग्राम आहे. त्यात ०५ आणि सी ५ या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. पहिली खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांची, दुसरी संशयित जागांची. या ओळींतील आकडे वाढत असतील तर वेग कितीही चांगला दिसो, त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये. सी ७ ची ओळ वाढत असेल तर बहुधा दोष तारेत असतो. तार बदलून पाहावी, तो खर्च किरकोळ आहे.

जुन्या यंत्राचे काय करावे?

म्हसावदच्या बांधवांना आमचे म्हणणे असे की त्यांनी वरची ओळ बाजूला ठेवावी. जुन्या संगणकात साधी साटा एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज व कामाचे प्रोग्राम घालावेत, जुनी हार्ड डिस्क तपासून ठीक असेल तर तिच्यावर तयार अल्बम ठेवावेत, आणि यूएसबी ३.० चा कार्ड रीडर घ्यावा. संगणकात निळे भोक नसेल तर तशी सोय करणारे कार्डही मिळते. नव्या यंत्राचा विचार करावयाचा असेल तर तो दुसऱ्या कारणासाठी करावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ज्यांच्या यंत्रावरून बँकेचे व गिऱ्हाइकांच्या कागदपत्रांचे व्यवहार होतात, त्यांनी सुरक्षिततेचा हा मुद्दा वेगाच्या मुद्द्यापासून अलग ठेवून तोलावा.

एसएसडी पूर्ण गच्च भरू नये; दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असली म्हणजे तिचा लिहिण्याचा वेग टिकतो. लिहिण्याची चाचणीही हौस म्हणून रोज घेऊ नये, कारण दर चाचणीत काही जी. बी. लिहिले जातात आणि एसएसडीचे लिहिण्याचे आयुष्य मोजके असते. घेतली त्या दिवशी एकदा, आणि पुढे काही बिघाड वाटला तर.

खरेदी सुरतेहून करा, नंदुरबारहून करा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा, खोक्याचे सील पाहून समाधान मानू नये. २०२५ च्या आरंभी जर्मनीत सीगेट कंपनीच्या हजारो तास वापरलेल्या हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. त्यांच्यावरील वापराच्या तासांची नोंदही पुसलेली होती. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वापराचे तास दिसतात, तेव्हा नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर तास जास्त दिसले तर दुकानातून बाहेर पडण्याआधीच बोलावे. तास शून्य दिसले म्हणजे डिस्क नवीच, असे मात्र समजू नये. पावतीवर डिस्कचा क्रमांक लिहून घ्यावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाची वॉरंटी तपासावी.

अतिशय स्वस्तात मिळणाऱ्या एक-दोन टी. बी. च्या पेन ड्राइव्ह व बाहेरच्या एसएसडींबाबत तर वेगचाचणीचा काहीच उपयोग नाही. त्यांच्यात प्रत्यक्ष जागा थोडीशीच असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगितलेला असतो. एक जी. बी. ची चाचणी सुखरूप पार पडते, पण खरी जागा संपली की पुढचा माल हरवतो. यासाठी एच२टेस्टडब्ल्यू हा जर्मनीत तयार झालेला मोफत प्रोग्राम आहे. तो सारी जागा काठोकाठ भरतो आणि भरलेला माल परत वाचून ताडून पाहतो. मोठ्या ड्राइव्हला यासाठी काही तास लागतात, तेव्हा दुकान बंद करताना लावून ठेवावा आणि निकाल येईपर्यंत त्या ड्राइव्हवर गिऱ्हाइकाचा एकही फोटो ठेवू नये.